उपाशी माणसाला आधी काय वाढावं?

समजा, महिना-दोन महिने पोटभर न जेवलेला माणूस तुमच्या दारात आला. डोळे खोल गेलेले, पायांवर सूज, उभं राहण्याचंही बळ नाही. तुम्ही काय कराल? आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे: ताट वाढायचं. भात, वरण, त्यावर तूप, जमलं तर काहीतरी गोड, आणि ‘पोटभर जेवा’ असा आग्रह.

हे ताट त्या माणसाचा जीव घेऊ शकतं.

ही अतिशयोक्ती नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. भुकेल्याला अन्न द्यावंसं वाटणं उपजत असतं, पण कोणतं अन्न, किती, कोणत्या वेगाने आणि कोणाच्या हातून द्यायचं हे शिकावं लागतं. गेल्या ऐंशी वर्षांत विज्ञान ते बरंचसं शिकलं आहे. युद्धाच्या आणि भुकेच्या बातम्या आल्या की आपण परदेशातली मंडळी काहीतरी पाठवायला धडपडतो. त्याआधी हा धडा माहीत असलेला बरा.

शरीर उपासमार कशी निभावतं

जेवण बंद झालं की शरीर आधी यकृतातला ग्लायकोजेनचा साठा वापरतं. तो साधारण एका दिवसात संपतो. मग चरबी जाळायला सुरुवात होते आणि स्नायूंमधली प्रथिनं मोडून थोडी साखर तयार केली जाते. काही दिवसांत मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर चालायला शिकतो. त्यामुळे स्नायू जरा हळू झिजतात.

त्याचबरोबर शरीर काटकसर सुरू करतं. नाडी मंदावते, अंग गार पडतं, हृदयाचा स्नायूही लहान होतो. रक्तातलं इन्सुलिन खाली येतं, कारण साठवायला काहीच नसतं. पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हळूहळू कमी होत जातात. पण रक्त तपासलं तर हे आकडे बऱ्याचदा ठीकच दिसतात. कोठार रिकामं आणि फळीवरचे दर्शनी डबे तेवढे भरलेले, असा हा प्रकार असतो.

आता अशा शरीरात एकदम भरपूर भात, साखर किंवा पाव गेला की काय होतं पाहा. साखर रक्तात येते आणि इन्सुलिन उसळी मारतं. इन्सुलिन पेशींची दारं उघडतं. साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही रक्तातून पेशींत खेचले जातात. ऊर्जा तयार करण्यासाठी पेशींना फॉस्फेट हवंच असतं, कारण एटीपी या ऊर्जेच्या चलनात तेच वापरलेलं असतं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत रक्तातले हे क्षार धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. साखर वापरायला लागणारं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, तेही संपतं. शरीरात मीठ आणि पाणी साठू लागतं. आधीच झिजलेल्या हृदयावर हे सगळं एकदम येतं. त्याचे ठोके चुकतात, कधी ते थांबतंही.

याला वैद्यकात रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. धोका सर्वांत जास्त असतो तो अन्न सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, म्हणजे ‘आता वाचला’ असं सगळ्यांना वाटत असतं नेमकं तेव्हा.

हे आपल्याला कसं कळलं

या ज्ञानाची किंमत फार मोठी होती. १९४२ साली वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत नाझींनी माणसांना ठरवून उपाशी ठेवलं होतं. तिथल्या ज्यू डॉक्टरांनी, स्वतः अर्धपोटी असताना, भुकेने शरीरात होणारे बदल शिस्तीने नोंदवायला घेतले. त्या वर्षी जुलैमध्ये लोकांना मृत्युछावणीकडे नेणं सुरू झालं आणि काम थांबलं. बहुतेक डॉक्टर मारले गेले, पण हस्तलिखित गुपचूप बाहेर पोचलं आणि १९४६ साली छापलं गेलं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला सदसद्विवेकाने नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं उभं करायचं ते कळावं म्हणून त्यांनी स्वतःला उपाशी ठेवून घेतलं. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास अन्न मिळालं आणि त्यांचं वजन सुमारे पावपट घटलं. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाली. त्यांना सतत थंडी वाजायची. ते चिडचिडे आणि उदास झाले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे.

मदत करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. रांगेत भांडणारा, अन्न लपवणारा, आभार न मानणारा माणूस ‘तसलाच’ नसतो. निरोगी, सुशिक्षित, शांततावादी तरुणांचंही सहा महिन्यांत तेच झालं होतं.

पुन्हा वजन भरून काढताना कीज यांना दिसलं की पुरेशा कॅलरी नसतील तर वरून दिलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं फारशी कामाला येत नाहीत. शरीर पूर्ववत करायला दिवसाला ४,००० कॅलरींच्या आसपास अन्न काही महिने लागलं. म्हणजे सुरुवात जपून करायची असली तरी पुढचा पल्ला लांब आणि भरपूर खाण्याचा असतो. ‘थोडं दिलं, भागलं’ असं होत नाही.

बेल्सनमध्ये आलेली बंगालची कृती

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बर्गेन-बेल्सन छावणीत शिरलं. आत सुमारे ६०,००० माणसं होती. भूक, टायफस, क्षय आणि जुलाब यांनी ती खंगलेली होती. सैनिकांनी कोणीही केलं असतं तेच केलं, आपल्या शिध्यातलं डबाबंद मांस आणि इतर जड अन्न वाटून टाकलं. अनेकांना ते सोसलं नाही. सुटकेनंतर त्या छावणीत १३,००० हून अधिक माणसं दगावली. बहुतेकांचा जीव रोगांनी आणि आधीच्या उपासमारीने घेतला, पण काहींचा या अन्नाने घेतला.

डॉक्टरांनी मग एक पातळ, गोड मिश्रण आणलं. त्याचं नाव होतं ‘बंगाल फॅमिन मिक्स्चर’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, ज्यात सुमारे ३० लाख लोक मेले असा अंदाज आहे, खंगलेल्या माणसांना ते दिलं गेलं होतं. कोलकात्याच्या रस्त्यांवर शिकलेली गोष्ट दोन वर्षांनी जर्मनीत कामाला आली. तरी ती जशीच्या तशी लागू पडली नाही. पोलिश आणि हंगेरियन कैद्यांना ते इतकं गोड लागलं की अनेकांच्याने गिळवेना. दुसरीकडे, शिरेतून पोषण द्यायला सुई काढली की रुग्ण घाबरून ओरडायचे, कारण त्या छावण्यांत टोचणं म्हणजे मरण हे त्यांनी पाहिलं होतं. अन्न बरोबर असूनही खाणाऱ्याची चव आणि त्याची भीती विसरली तर ते पोटात जात नाही.

आपली पेज कुठवर बरोबर?

आपल्याकडे लांबलेल्या तापानंतर किंवा लंघनानंतर आधी पेज, मग मऊ भात, मग वरणभात असा क्रम असतो. आयुर्वेदातही शोधनानंतर पेया, विलेपी अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. ‘थोडं, पातळ, वारंवार’ हे तत्त्व आजच्या विज्ञानाला मान्य आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या सूचनेनुसार, जास्त धोका असलेल्या प्रौढाला सुरुवातीला वजनाच्या किलोमागे दिवसाला १० पेक्षा जास्त कॅलरी देऊ नयेत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला जेमतेम ५००. मग ४ ते ७ दिवसांत हळूहळू पूर्ण आहारापर्यंत जायचं.

पण नुसती पेज पुरत नाही. तिच्यात मुख्यतः पिठूळ साखर असते. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थायामिन बाहेरून द्यावे लागतात, आणि थायामिन तर अन्न सुरू होण्याआधीच. तुमच्या ओळखीत कोणी आजारपणामुळे किंवा आहारविकारामुळे बरेच दिवस जवळजवळ न खाता राहिलं असेल, तर त्याला घरी भरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मुलाच्या दंडावरची पट्टी

युद्धात आणि दुष्काळात सर्वांत आधी लहान मुलं जातात. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाची तपासणी एका साध्या रंगीत पट्टीने होते. दंडाच्या मध्यावर घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित आहे. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून सोडल्यावर खळगा राहिला तर ती कुपोषणाची सूज. अशी मुलं गुबगुबीत दिसू शकतात, म्हणून फसायला होतं.

गुंतागुंत असलेल्या मुलाला दवाखान्यात आधी एफ-७५ नावाचं दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिनं कमी, मीठ कमी. ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्यायचं, कारण अशा मुलाची रक्तशर्करा झोपेत घसरते आणि अंग गार पडतं. लोह सुरुवातीला मुद्दाम देत नाहीत, त्याने जंतुसंसर्ग बळावू शकतो. भूक परत आली आणि सूज उतरू लागली की मग एफ-१००, म्हणजे जास्त ताकदीचं दूध.

हे सगळं उलटसुलट वाटतं ना? हाडाची काडं झालेल्या मुलाला कमी प्रथिनं आणि लोह नाही! नेमक्या याच कारणाने चुका होत राहिल्या. १९९६ साली क्लेअर स्कोफिल्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी दाखवून दिलं की १९५० च्या दशकापासून अनेक रुग्णालयांत अशा मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांवरच अडकलेलं होतं. कारण औषधांचा तुटवडा एवढंच नव्हतं. सुरुवातीलाच प्रथिनांचा मारा करणं, सूज उतरवायला लघवी वाढवणारी औषधं देणं, गरज नसताना सलाईन लावणं, हेही कारण होतं. पद्धत बदलली तिथे मृत्यू घटले.

शेंगदाण्याचं पाकीट

दुधाच्या पावडरीची एक अडचण होती, तिला स्वच्छ पाणी लागतं. छावणीत ते नसतं. गढूळ पाण्यात कालवलेलं दूध काही तासांत जंतूंचं घर होतं.

१९९० च्या दशकात फ्रेंच बालरोग-पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांनी उद्योजक मिशेल लेस्कान यांच्याबरोबर यावर उपाय काढला. शेंगदाण्याचं कूट, दुधाची पावडर, साखर, तेल, क्षार आणि जीवनसत्त्वं यांचं घट्ट मिश्रण. नाव ‘प्लंपीनट’. ९२ ग्रॅमचं पाकीट, त्यात ५०० कॅलरी. यात पाणी जवळजवळ नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवावं लागत नाही, दोन वर्षं टिकतं आणि मूल पाकिटाचा कोपरा फाडून थेट चोखू शकतं.

त्यामुळे उपचार दवाखान्यातून घरी आला. ज्याला भूक लागते आणि दुसरा आजार नाही, असं मूल आईजवळ राहून सहा ते आठ आठवड्यांत सावरतं. २००५ साली नायजरमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने एका वर्षात ६०,००० हून अधिक मुलांवर उपचार केले. तेवढ्या खाटा तिथे कधीच मिळाल्या नसत्या. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी या पद्धतीला संयुक्त पाठिंबा दिला.

शेंगदाणा पिकतो तिथेच भूक

मग प्रश्न सुटला का? सुदानकडे पाहा. ज्वारी, जिच्या भाकरीवर आपला दख्खन वाढला, ती पूर्व सुदानच्या भागात माणसाने पाच हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आणल्याचे पुरावे आहेत. तिथे आजही ज्वारी मुख्य अन्न आहे आणि भुईमूग हे मोठं पीक.

१५ एप्रिल २०२३ रोजी तिथलं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. पुढच्याच महिन्यात खार्टूममधला एक कारखाना जळून गेला. देशातल्या कुपोषित मुलांसाठी लागणाऱ्या शेंगदाण्याच्या उपचार-अन्नापैकी ६० टक्के तिथे तयार व्हायचं. तयार असलेली १४,५०० खोकीही जळाली. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोकं लागतं. हिशोब तुम्हीच करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं. हा शब्द सहज वापरला जात नाही. किमान २० टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दर १०,००० लोकांमागे रोज किमान २ मृत्यू, अशी त्याची कसोटी आहे. जवळच्या अल फाशर शहराला वेढा पडला होता. तिथले लोक ‘अंबाझ’ खाऊन जगत होते. अंबाझ म्हणजे तेल काढल्यावर उरलेली शेंगदाण्याची पेंड, आपण गुरांना घालतो तीच. जून २०२५ मध्ये मदतीचे १५ ट्रक त्या शहराकडे निघाले. वाटेत अल कोमाजवळ त्यांच्यावर हल्ला झाला आणि पाच जण मारले गेले.

म्हणजे शेंगदाणा होता, कृती होती, पाकीट होतं आणि ट्रकही होते. वाट नव्हती.

इथे १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ आठवून पाहा. पीक पार बुडालं होतं, पण सरकारने रस्ते, तळी, खडी फोडण्याची कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. हातात मजुरी आली, ती बाजारात गेली आणि धान्य तिच्यामागे आलं. सुकडी आणि मिलो यांची चव तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. हाल झाले, पण बंगालसारखा संहार टळला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं तेच हे: दुष्काळात माणूस मरतो तो बहुतेक वेळा अन्न नसतं म्हणून नाही, ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्क जातो म्हणून. युद्ध नेमकं तेच तोडतं, मजुरी, बाजार आणि रस्ता. म्हणूनच मे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २४१७ करून नागरिकांना उपाशी ठेवण्याचा शस्त्रासारखा वापर निषिद्ध असल्याचं बजावलं.

मग आपण काय द्यावं?

आधी एक सोपं गणित. उपचार-अन्नाच्या १५० पाकिटांचं खोकं सुमारे १४ किलोचं. त्यात ७५,००० कॅलरी असतात आणि त्यावर एक मूल सावरतं. शिजवलेल्या घेवड्याचे तेवढ्याच वजनाचे डबे गोळा केले तर साधारण १२,००० ते १३,००० कॅलरी भरतात, कारण डब्यात बरंचसं पाणी असतं. वर ते समुद्रापार न्यायचं, जकातीतून सोडवायचं आणि फोडायला हत्यार हवं. डबे तुमच्या गावातल्या अन्नपेढीला जरूर द्या, तिथे ते उपयोगी पडतात. लांबच्या युद्धासाठी मात्र पैसे बरे.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर तर गोळा करूच नका. मे २००६ मध्ये इंडोनेशियात योग्यकार्ताला भूकंप झाला, तेव्हा दान आलेली पावडर सर्रास वाटली गेली. ती मिळालेल्या मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळलं. अशा वेळी बाळाला वाचवायचं तर आईला जेवण, पाणी आणि आडोसा द्यायचा, म्हणजे अंगावरचं दूध टिकतं.

पैसे देण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा.

१. तिची माणसं त्या भागात आधीपासून आहेत का, की बातमी आल्यावर निघाली आहेत?

२. तिथे बाजार चालू आहे का? चालू असेल तर कुटुंबाला रोख मदत सर्वांत लवकर पोचते. बाजारच रिकामा असेल तर अन्न न्यावं लागतं.

३. तीव्र कुपोषित मुलांसाठी दंडपट्टी, उपचार-अन्न आणि दवाखाना यांची साखळी आहे का? नुसतं धान्य त्यांना पुरत नाही.

४. स्थानिक लोकांच्या हातात किती पैसा जातो?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुदानमध्ये मोठ्या संस्था पोचू शकत नव्हत्या, तिथे मोहल्ल्यातल्या तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ काढून सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. बाहेरून फोनवर पैसे यायचे, धान्य जवळच्या बाजारातून, आणि कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारची मदत अचानक थांबली, तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. उपाशी शरीराला पुन्हा भरायला महिने लागतात हे आपण मिनेसोटात पाहिलं. मदत मध्येच तुटली तर अर्धवट सावरलेलं मूल पुन्हा खाली घसरतं. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी, आणि ‘गरज असेल तिथे वापरा’ असं सांगून दिलेली, जास्त उपयोगी ठरते.

आणि जिथे वाट अडवलेली आहे तिथे पैसाही थांबतो. तुम्ही ज्या देशात राहता तिथल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहून रस्ते उघडण्याबद्दल विचारणं, ही त्या वेळी अन्नाइतकीच खरी मदत असते.

पुढच्या वेळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘रविवारपर्यंत डबे आणून द्या’ असा निरोप आला, तर रागावू नका. पाठवणाऱ्याची भावना बेल्सनच्या त्या सैनिकांइतकीच चांगली आहे. फक्त खोक्याचं गणित आणि हे चार प्रश्न त्याच गटावर टाका, आणि रविवारच्या आत पैसे कुठे पाठवायचे ते ठरवा.